आधी बघा, ते चौघे कोण

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी ब्लॅकवूड ब्रदर्स या अमेरिकन गायक-चौकडीचं नाव घेतलं होतं. त्यावरून इतकी पत्रं आली की या वेळचं सदर सगळं सदर्न गॉस्पेललाच दिलं आहे. पत्रं थोडी आवरून छापली आहेत. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

बाई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एल्व्हिस प्रेस्लीचं 'हाऊ ग्रेट दाऊ आर्ट' ऐकलं आणि त्याच्या मागे जे पुरुष गातात त्यांच्यावरच लक्ष खिळलं. ते कोण? मित्र म्हणतो, याला सदर्न गॉस्पेल म्हणतात. म्हणजे नक्की काय? (विद्यार्थी, मिरज)

तुझं लक्ष मागच्या आवाजांकडे गेलं हे वाचून फार बरं वाटलं, कारण एल्व्हिसचंही पोरवयापासून तिकडेच लक्ष होतं. मेंफिसमध्ये रात्र-रात्र चालणारे चौकड्यांचे कार्यक्रम तो जाऊन ऐकायचा. त्याला स्वतःलाही अशा गटात गायचं होतं.

तू ऐकलेल्या रेकॉर्डवर त्याच्यासोबत इम्पीरियल्स नावाचा गट आहे. ध्वनिमुद्रण मे 1966 मध्ये नॅशव्हिलला झालं, अल्बम 1967 मध्ये निघाला आणि त्याला ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतलं संगीताचं मोठं पारितोषिक, मिळालं. एल्व्हिसला स्पर्धेतून मिळालेली तिन्ही ग्रॅमी भक्तिगीतांचीच आहेत: हे एक, 1972 च्या 'ही टच्ड मी' अल्बमचं दुसरं, आणि 1974 साली मेंफिसच्या कार्यक्रमात 'हाऊ ग्रेट दाऊ आर्ट' पुन्हा गायला त्याचं तिसरं. इम्पीरियल्स हा गट जेक हेस यानं 1964 मध्ये उभा केला. त्याआधी हेस स्टेट्समेन क्वार्टेट या चौकडीत लीड, म्हणजे चाल धरणारा आवाज, गायचा, आणि एल्व्हिस त्याच्या गाण्याचा भक्त होता. 1977 मध्ये एल्व्हिसच्या अंत्यविधीला जे गायले त्यांत जेक हेस होता.

आता सदर्न गॉस्पेल म्हणजे काय ते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी, टेक्सास या राज्यांतल्या गोऱ्या, बहुतेक शेतकरी मंडळ्यांतून हे गाणं आलं. त्याची मुळं व्यासपीठापेक्षा पुस्तकाच्या धंद्यात जास्त आहेत. टेनेसीतल्या लॉरेन्सबर्ग गावी जेम्स डी. व्हॉन नावाचे गृहस्थ सुवार्ता-गीतांची पुस्तकं छापत. ती खपावीत म्हणून 1910 मध्ये त्यांनी चार पुरुषांचा एक गट पगार देऊन गावोगाव पाठवला. गटानं गाऊन दाखवायचं, लोकांनी पुस्तक विकत घ्यायचं. पुढे 1920 च्या दशकात स्टॅम्प्स-बॅक्स्टर ही कंपनी त्याच वाटेनं गेली आणि डॅलसहून तिनं ढिगानं पुस्तकं विकली.

ती पुस्तकं मला फार आवडतात. त्यांत स्वर ओळखायला आकार दिलेले असतात. डो म्हणजे त्रिकोण, मी म्हणजे पत्त्यांतली चौकट, सोल साधा गोल, ला चौकोन. सात स्वरांना सात आकार. ओळीवरची जागा वाचता आली नाही तरी आकार बघून शेतात राबणारा माणूस आपला भाग गाऊ शकायचा. गावात गाण्याची शाळा भरायची, पोरंबाळं, आयाबाया सगळे शिकायचे, आणि प्रत्येकाला चारांपैकी एक भाग येत असायचा.

ते चार भाग असे: टेनर, लीड, बॅरिटोन, बेस. सोबतीला पियानो. आपल्या चर्चच्या स्तोत्रांत चाल सगळ्यांत वरच्या आवाजाकडे, म्हणजे सोप्रानोकडे असते. इथे चाल लीडकडे असते आणि टेनर तिच्या वरून जातो. म्हणून हे गाणं भरलेलं आणि तरीही उंच वाटतं.

एक गोष्ट आत्ताच मनात पक्की धर. या संगीतात कव्हरवर गटाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, पण नाव तेच राहून माणसं बदलत जातात. जेक हेसच्या वेळचे इम्पीरियल्स आणि दहा-बारा वर्षांनंतरचे इम्पीरियल्स यांच्या रेकॉर्ड शेजारी-शेजारी लाव, दोन वेगळ्या घरची माणसं वाटतील. तेव्हा अल्बम हातात आला की आधी कव्हर उलटं करायचं आणि त्या वर्षी कोणते चौघे होते ते वाचायचं.

मला इंग्रजी भक्तिगीतांची आवड आहे, पण सदर्न गॉस्पेल नवीन आहे. चार-पाच अल्बम सुचवा. मोबाइलवर ऐकतो, आणि परवडली तर जुनी रेकॉर्डही घेतो. (वाचक, कराड)

माझ्या मनात पहिलं नाव कॅथेड्रल्सचं येतं, आणि इतर कुणाचं तिथं येऊच शकत नाही. ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहराजवळ कॅथेड्रल ऑफ टुमॉरो नावाचं मोठं चर्च होतं, तिथं 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हा गट जमला. लीड ग्लेन पेन आणि बेस जॉर्ज यौन्स हे दोघं शेवटपर्यंत राहिले. टेनर, बॅरिटोन आणि पियानोवाले येत-जात राहिले. लोक तुम्हाला त्यांचा 1987 चा 'सिंफनी ऑफ प्रेझ' आधी सुचवतील. लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा सोबतीला, लॅरी गॉस यांची वाद्यरचना. भव्य अल्बम आहे, जरूर ऐका. पण सुरुवात त्यानं करू नका. 1983 चा 'व्हॉइसेस इन प्रेझ' घ्या, ज्यात एकही वाद्य नाही. टेनर कर्क टॅली, लीड पेन, बॅरिटोन मार्क ट्रॅमेल, बेस यौन्स. ऑर्केस्ट्राच्या आड काहीही लपतं. इथे चार गळे आणि मध्ये मोकळी जागा, बाकी काही नाही.

ऐकायची रीत सांगते. कानात हेडफोन घाला आणि एकच गाणं निवडा. पहिल्यांदा फक्त यौन्सच्या मागे जा. बेस जोरात गात नाही हे लक्षात येईल. तो माइकच्या अगदी जवळ, जवळजवळ बोलल्यासारखा गातो, शब्दाचा शेवट सोडत नाही, आणि खालचा सूर सावकाश ठेवतो. मग पेनच्या मागे जा. चाल त्याच्याकडे असल्यामुळे हे सोपं आहे. त्यानंतर टेनर. शेवटी बॅरिटोन शोधा, आणि इथे कस लागेल. बॅरिटोन कधी लीडच्या खाली, कधी वर, आणि बऱ्याच वेळा एकाच सुरावर थांबून राहिलेला. एकटा काढून ऐकला तर ती चाल वाटणारही नाही. पण तो गप्प बसला की सगळा मेळ पोकळ होतो. आमच्या चर्चच्या कॉयरमध्ये बॅरिटोन गाणारा भाऊ एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे. आवाज सुंदर, पण त्याला नेहमी लीडच्या चालीवर जायची ओढ. त्याला मी ट्रॅमेलच ऐकायला दिला. हल्ली तो आपल्या सुरावर थांबतो, आणि तो थांबला की टेनरलाही वर जायला धीर येतो.

ग्लेन पेनबद्दल एक सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1999 मध्ये कॅथेड्रल्सचा निरोपाचा दौरा चालू होता आणि पेन आजारी पडले. सप्टेंबरमध्ये नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन हे वार्षिक संमेलन भरलं तेव्हा ते रुग्णालयात होते. तिथून फोनवरून ते गायले. यार्देन नदी मला एकट्याला ओलांडावी लागणार नाही, अशा अर्थाचं जुनं गाणं. सभागृहात हजारो माणसं ऐकत होती. ऑक्टोबरमध्ये ते गेले. जॉर्ज यौन्स 2005 मध्ये गेले. पेन यांचं ओळखीचं गाणं 'वी शॅल सी जीझस' डायॅन विल्किन्सन या बाईंनी लिहिलेलं आहे. ते त्यांच्या आवाजात ऐका आणि मग दुसऱ्या कुणाच्याही आवाजात ऐका, फरक सांगावा लागणार नाही.

दुसरा स्वभाव अगदी वेगळा: किंग्समेन, नॉर्थ कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिलचे. अल्बम 'बिग अँड लाइव्ह', 1973. लीड जिम हॅमिल, बेस रे डीन रीस. इथे सफाई शोधू नका. प्रेक्षकांसमोर केलेलं ध्वनिमुद्रण आहे, लोक टाळ्या वाजवतायत, हॅमिल गाणं संपवत नाही, पुन्हा उचलतो, पुन्हा उचलतो. भजनी मंडळ रंगात आलं की बुवा तोच चरण परत-परत घेतो आणि टाळकरी उभे राहतात, तसंच. ज्याला कॅथेड्रल्स फार शिस्तीचे वाटतात त्यानं हे ऐकावं. चॅटनूगामधला 1977 चा त्यांचा 'चॅटनूगा लाइव्ह'ही याच घाटाचा आहे.

तिसरे स्टेट्समेन. होव्ही लिस्टर यांनी 1948 मध्ये अटलांटात हा गट उभा केला. लिस्टर पियानोवर, आणि पियानो म्हणजे नुसती साथ नव्हे. दोन ओळींमध्ये जागा मिळाली की त्यांचा हात पट्टीभर धावून येतो. यांचे माझे चौघे 1953 ते 1957 मधले: टेनर डेन्व्हर क्रम्प्लर, लीड जेक हेस, बॅरिटोन डॉय ऑट, बेस जेम्स वेदरिंग्टन, ज्यांना सगळे बिग चीफ म्हणत. 1957 मध्ये क्रम्प्लर गेले आणि पुढे त्या जागी रोझी रोझेल आले. तेही मोठे टेनर, पण क्रम्प्लरचा आवाज रेशमासारखा सरळ होता आणि हेसच्या काटेकोर शब्दांवर तो जसा बसायचा तसं पुढे मला ऐकू आलं नाही. त्या काळात ते आरसीए व्हिक्टरसाठी गात, आणि त्या वर्षांतली गाणी पुढच्या संग्रहांत सापडतात. संग्रह घेताना वर्षं तपासा, कारण एकाच कव्हरखाली दोन्ही टेनर येतात.

आणि ब्लॅकवूड ब्रदर्स, ज्यांच्यामुळे ही सगळी पत्रं आली. 1934 मध्ये मिसिसिपीत रॉय, डॉयल, जेम्स हे तीन भाऊ आणि रॉयचा मुलगा आर. डब्ल्यू. यांनी सुरुवात केली. वीस वर्षांनी, जून 1954 मध्ये, न्यूयॉर्कच्या आर्थर गॉडफ्री यांच्या टॅलेंट स्काउट्स या टीव्ही कार्यक्रमात ते जिंकले आणि देशभर नाव झालं. त्याच महिन्याच्या 30 तारखेला अलाबामातल्या क्लँटन गावी कार्यक्रम होता. गटाचं स्वतःचं छोटं विमान होतं. आर. डब्ल्यू. आणि बेस बिल लाइल्स ते चालवत होते. गावच्या धावपट्टीवर विमान कोसळून पेटलं आणि दोघेही गेले. जेम्स ब्लॅकवूड खाली उभे राहून बघत होते. ते आगीकडे धावले तेव्हा त्यांना मिठी मारून अडवणारा जेक हेस होता. स्टेट्समेन त्या दिवशी त्याच कार्यक्रमाला आले होते. दोन प्रतिस्पर्धी गट म्हणून लोक त्यांच्याकडे बघत, पण ते एकत्र दौरे करत आणि एकत्रच रडले.

गट थांबला नाही. बॅरिटोनला सेसिल ब्लॅकवूड आले, बेसला जे. डी. सम्नर. विमान सोडून त्यांनी बस घेतली आणि ती राहण्याजोगी करून घेतली. आज अमेरिकेत गायकांचे बहुतेक ताफे बसनंच फिरतात, त्या प्रथेत यांचा मोठा वाटा आहे. 1957 मध्ये त्यांनीच मेंफिसला नॅशनल क्वार्टेट कन्व्हेन्शन सुरू केलं. अल्बम म्हणाल तर सम्नर बेस असतानाची कुठलीही रेकॉर्ड घ्या. पोर्टर वॅगनर या कंट्री गायकाबरोबरचा 1966 चा 'ग्रँड ओल्ड गॉस्पेल'ही चांगला आहे आणि त्याला ग्रॅमी मिळालं होतं.

1980 च्या दशकातला एक गट हवा असेल तर गोल्ड सिटी. टेनर ब्रायन फ्री, लीड आयव्हन पार्कर, बॅरिटोन माइक लेफेव्हर, बेस टिम रायली. त्यांचं 'मिडनाइट क्राय' ऐकण्याआधी बायबलात मत्तयाच्या 25 व्या अध्यायातला दहा कुमारींचा दाखला वाचा.

रेकॉर्डवर पैसे घालायची घाई करू नका. परदेशातून मागवली तर टपालखर्चच रेकॉर्डपेक्षा जास्त होतो. आधी मोबाइलवर ऐका, जिच्याकडे मन पुन्हा-पुन्हा जाईल तीच घ्या.

सगळी पुरुषांचीच नावं का? या गाण्यात बायका नाहीत का? (वाचक, विटा)

आहेत, आणि माझं ऐकणं बाईच्या आवाजानंच सुरू झालं. आई मिरजेच्या मिशन दवाखान्यात नर्स होती. एक अमेरिकन डॉक्टरीणबाई कायमच्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डचं एक खोकं आमच्याकडे दिलं. त्यात हॅपी गुडमन फॅमिलीची रेकॉर्ड होती. व्हेस्टल गुडमन यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा आई चुलीवरचं सोडून दारात येऊन उभी राहिली. केवढा मोठा आवाज, आणि त्यात नाटकीपणा जराही नाही. हातात पांढरा रुमाल घेऊन गायच्या, तो त्यांचा कायमचा. नवरा हॉवर्ड पियानोवर, दीर रस्टी आणि सॅम. रस्टी उत्तम गीतकार. 'द हॅपी गॉस्पेल ऑफ द हॅपी गुडमन्स' या 1968 च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. तुमची सुरुवात त्यानंच करा.

मग डॉटी रॅम्बो. गायिका म्हणून आवडतात, पण गीतकार म्हणून त्या कुणाच्याही खांद्याला खांदा लावतील. 'ही लुक्ड बियाँड माय फॉल्ट' हे त्यांचं गाणं आयर्लंडच्या जुन्या लंडनडेरी एअर या चालीवर आहे. चाल तुम्ही कुठंतरी ऐकलेलीच असेल. शब्द नवे आणि साधे आहेत. 2008 मध्ये दौऱ्यावर असताना बस अपघातात त्या गेल्या.

आणि चक वॅगन गँग, टेक्सासचा घरचा गट: वडील डेव्ह कार्टर, मुलगा जिम, मुली रोझ आणि अ‍ॅना. 1936 पासून त्यांनी रेकॉर्ड केल्या. पियानोही नाही, फक्त गिटार. ओट्यावर बसून घरातलं माणूस गातंय असं वाटतं. अल्बर्ट ब्रमली यांचं 'आय विल फ्लाय अवे' त्यांनी 1948 मध्ये गायलं. ते गाणं शेकडोंनी गायलंय, तरी मी याच घराचं लावते.

ब्लॅक गॉस्पेल आणि सदर्न गॉस्पेल एकच का? (शिक्षक, तासगाव)

एक नाही, पण दोघांचं घर एकाच गल्लीत होतं आणि मध्ये भिंत घातलेली होती. दक्षिणेत कायद्यानं काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवलं होतं. चर्च वेगळी, सभागृहात बसायच्या जागा वेगळ्या, संगीताची बाजारपेठही वेगळी. गाणी मात्र भिंतीवरून जात राहिली. शिकागोचे थॉमस डॉर्सी हे काळे संगीतकार. 1932 मध्ये बाळंतपणात बायको आणि बाळ दोन्ही गेली, त्या दुःखात त्यांनी 'प्रेशस लॉर्ड' रचलं. ते गोऱ्या चौकड्यांनी आपलं मानून गायलं. त्यांचंच 'पीस इन द व्हॅली' एल्व्हिसनं 1957 मध्ये टीव्हीवर गायलं. गोऱ्या चौकड्यांमधली लय, बेसचे ठेके, शेवटी गाणं पुन्हा पेटवायची रीत, यात काळ्या चौकड्यांचं देणं मोठं आहे. व्हर्जिनियाच्या गोल्डन गेट क्वार्टेटची 1930 च्या दशकाच्या अखेरची ध्वनिमुद्रणं ऐका, मग स्टेट्समेन ऐका. विद्यार्थ्यांना सांगताना हे सांगितल्याशिवाय राहू नका. ज्यांच्याकडून शिकले त्यांना त्याच दारातून आत यायची मुभा नव्हती, आणि हे देवाच्या नावानं गाणाऱ्यांच्या गावांत घडत होतं. मला ही गाणी प्रिय आहेत म्हणूनच ते लपवावंसं वाटत नाही.

प्रभूच्या नावात सलाम. आमच्या मंडळीतल्या तरुणांना उपासनेत हे इंग्रजी चौकडीचं गाणं गायचं आहे. रेव्हरंड टिळकांच्या साताऱ्यात अभंग बाजूला सारून हे चालवावं का? मी पंच कमिटीत बरीच वर्षं होतो, म्हणून विचारतो. (ज्येष्ठ वाचक, सातारा)

काका, सलाम. अभंग बाजूला सारून मुळीच नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शेवटची वर्षं साताऱ्यात काढली आणि 1917 मध्ये 'देवाचा दरबार' हे ख्रिस्तभक्तांचं मंडळ तिथंच मांडलं. ख्रिस्ती उपासनेत अभंग, भजन, कीर्तन आलं ते त्यांच्यासारख्यांच्या हट्टामुळे. त्याआधी आपली माणसं परक्या चालींत मराठी शब्द कसेबसे बसवून गात होती. ते मिळवलेलं सोडायचं कारण नाही.

पण पोरांना नाही म्हणून परतही पाठवू नका. चौघं पोरं बसून आपापला भाग पाठ करतात, एकमेकांचा आवाज ऐकून आपला कमी-जास्त करतात, ही तालीम कुठल्याही मंडळीला हवीच असते. त्यांना ईस्टरच्या पहाटेची उपासना द्या, नाताळच्या कॅरोल फेरीत एक घर द्या. तिथं इंग्रजी गाणं इंग्रजीतच गाऊ द्या. मराठी करून गायचं असेल तर मात्र लघु-गुरू जपायला लावा. इंग्रजी चालीत ठेका जिथं पडतो तिथं मराठी शब्दाचं भलतंच अक्षर आलं की 'देवा' हाकेसारखं न वाटता तुटक वाटतं. आणि अभंगाला चार भागांचा मेळ लावायचा प्रयोग त्यांनी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भूपातला किंवा भैरवीतला अभंग एकाच धारेनं वाहतो. त्यावर टेनर-बेस चढवले की राग मोडतो आणि मेळही धड लागत नाही. 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकात पाश्चात्त्य चालींची गीतं पुष्कळ आहेत, चौकडीनं त्यांतली घ्यावीत.

मुलाचा आवाज फुटला आणि एकदम खाली गेला. तो दिवसभर जे. डी. सम्नरची नक्कल करत असतो. करू द्यावं का? (पालक, वाई)

ऐकू द्या, नक्कल थांबवा. सम्नर यांचा आवाज फार क्वचित मिळणारा होता. सर्वांत खालच्या सुरासाठी गिनीज बुकात त्यांचं नाव बरीच वर्षं होतं. एल्व्हिसच्या 1977 च्या 'वे डाऊन' गाण्याच्या शेवटी त्यांचा सूर इतका खाली उतरतो की लहान स्पीकरवर तो नीट ऐकूही येत नाही. 1971 पासून सम्नर आणि त्यांचा स्टॅम्प्स गट एल्व्हिसबरोबर दौऱ्यावर असत. पण तो गळा पिकलेला, मोठ्या माणसाचा होता. आवाज फुटल्यावर दोन-तीन वर्षं गळा बसत असतो. तेव्हा हनुवटी छातीला लावून खालचा सूर ढकलला की घशावर ताण येतो आणि सवय लागली तर जात नाही. त्याला मधल्या पट्टीत सावकाश गायला लावा, हनुवटी सरळ. सकाळी उठल्या-उठल्या आवाज आपोआप खाली असतो, त्यावर भरवसा ठेवू नका. घोगरेपणा पंधरा दिवसांत गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नमुना म्हणून सम्नरऐवजी जॉर्ज यौन्स द्या, खोलीपेक्षा गोडवा शिकेल.

आमच्या कॉयरमध्ये दोन बायका आणि दोनच पुरुष आहेत. चौकडी होईल का? (वाचक, आष्टा)

होईल. चक वॅगन गँग तशीच होती. वर सोप्रानो, मग आल्टो, टेनर, बेस. चाल सोप्रानोकडे द्या.

2019 च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं. वडिलांच्या गॉस्पेलच्या कॅसेट गाळात होत्या. तेव्हा पुसून ट्रंकेत ठेवल्या, अजून वाजवून पाहिल्या नाहीत. काही वाचेल का? (वाचक, सांगली)

वाचण्याची आशा चांगली आहे, फक्त जशाच्या तशा प्लेअरमध्ये घालू नका. कॅसेटची पट्टी पॉलिस्टरची असते, पाण्यानं ती लगेच खराब होत नाही. घात करतो तो गाळ आणि त्यावर धरलेली बुरशी. गाळाचा कण हेडवर, म्हणजे प्लेअरमधल्या आवाज वाचणाऱ्या भागावर, घासला की पट्टीवरचा थर निघतो आणि आवाज कायमचा जातो.

कॅसेटच्या कोपऱ्यांना आणि मध्ये मिळून पाच बारीक स्क्रू आहेत का बघा. असतील तर काम सोपं. सपाट टेबलावर पांढरा कपडा अंथरून कॅसेट उघडा. उघडण्याआधी पट्टी कुठल्या वाटेनं गेली आहे त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. दोन्ही चक्रं पट्टीसकट हलक्या हातानं उचला. चिखल असेल तर मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणून पसरट ताटलीत चक्र बुडवून हलवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत बदला. नळाचं पाणी नको, त्याचे क्षार वाळून पट्टीवर बसतात. मग टिपकागदावर सावलीत, पंख्यापासून लांब, दोन-तीन दिवस वाळू द्या. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. पांढरी बुरशी दिसली तर हे काम घराबाहेर, तोंडाला मास्क लावून करा. पूर्ण सुकल्यावर एखाद्या नको असलेल्या कॅसेटचं चांगलं कवच घ्या, तिची पट्टी काढा आणि वडिलांची चक्रं त्यात बसवा. स्क्रू नसतील, कवच चिकटवलेलं असेल, तर सांध्यावर पातळ पातं फिरवून ते उघडावं लागेल. त्यात कवच मोडतं, पण पट्टी वाचते, आणि कवच कसंही नवंच घालायचं आहे.

पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच संगणकावर उतरवून घ्या. दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री धरू नका. त्यासाठी जुना, हेड स्वच्छ केलेला प्लेअर वापरा आणि प्रत्येक कॅसेटनंतर हेड पुन्हा स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. आतला कागद चिकटला असेल तर तो ओढून काढू नका, वरूनच फोटो घ्या आणि गटाचं नाव, वर्ष, गाणाऱ्यांची नावं जी वाचता येतील ती फाइलच्या नावात लिहून ठेवा. पट्टी मध्येच तुटली तर सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद पाझरून बाजूचे वेढेही चिकटतात. पट्टी जोडायची खास टेप मिळते, ती मागच्या बाजूनं, म्हणजे जी बाजू हेडला लागत नाही तिच्यावर लावायची, आणि कडेला बाहेर आलेला भाग ब्लेडनं कापून टाकायचा.